दोन कॉम्प्युटर, एक केबल आणि १०० वर अडकलेली लिंक

कराडसारख्या शहरातला लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा एखादा स्टुडिओ डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर काउंटर आणि जुना डेस्कटॉप, त्यात विंडोज १० प्रो. वरच्या खोलीत एडिटिंगसाठी घेतलेला नवा डेस्कटॉप, त्यात विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलेलं. ते झालं की मुहूर्तांची रांग लागते आणि मान वर करायला फुरसत नसते. त्याआधी जुन्या मशिनवरचा १.६ टीबी डेटा वर न्यायचा आहे: १.१ टीबी व्हिडिओ आणि उरलेल्या ५०० जीबीत साधारण ४२ हजार फोटो.

एकदाच न्यायचं असतं तर सरळ सल्ला हा, की जुनी हार्ड डिस्क काढून नव्या मशिनला साटा केबलने लावा आणि कॉपी करा. नेटवर्कच्या भानगडीत पडूच नका. इथे तसं जमत नाही. अल्बमचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलसकट (परवान्याच्या यूएसबी किल्लीसकट) खालच्याच मशिनवर चालतं, प्रिंटर तिथेच आहे, आणि पुढेही रोज फुटेज खालून वर आणि तयार अल्बम वरून खाली अशी ये-जा राहणार आहे. म्हणजे जोडणी कायमची हवी.

वायफायवर प्रयत्न झाला तेव्हा वेग मिळाला सेकंदाला ४ एमबी. दोन्ही मशिन एकाच राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असली की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. या वेगाने १.६ टीबीला साडेचार दिवसांहून जास्त लागतात. राउटरला दोन्हीकडून केबल लावावी, तर बऱ्याच स्वस्त राउटरसारखी याचीही पोर्ट १०० मेगाबिटचीच. आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी; प्रत्यक्षात मिळतात ११ एमबी, म्हणजे ४० तास. गिगाबिट जोडणीत सेकंदाला ११० एमबीपर्यंत मिळतात आणि तेच काम चार तासांवर येतं. दोन्ही मदरबोर्डवर गिगाबिट पोर्ट आहे (नव्यावर तर २.५ गिगाबिटचं, पण जोडणी दोघांतल्या कमी वेगावर ठरते). मग मध्ये राउटर हवाच कशाला?

क्रॉस केबलचा प्रश्न इथे कुणीतरी काढतोच. १० किंवा १०० मेगाबिटच्या जुन्या कार्डांना एका टोकाला टी५६८ए आणि दुसऱ्याला टी५६८बी (तारांच्या रंगांचे ठरलेले दोन क्रम) अशी उलटी केबल लागायची, कारण एकाचं पाठवणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर यायला हवं. गिगाबिट कार्ड ही अदलाबदल स्वतःच करतात. साधी सरळ केबल चालते. आणि दोन्हीकडे चपटं टोक असलेली यूएसबी केबल दोन कॉम्प्युटरांत कधीच लावू नका. त्यात दोन्हीकडून ५ व्होल्ट समोरासमोर येतात आणि पोर्ट जळू शकतं.

केबल: टेस्टर पास, लिंक नापास

काउंटरपासून वरच्या खोलीपर्यंत जिन्याच्या कडेने १८ मीटर केबल गेली. इथरनेटची मर्यादा १०० मीटर, तेव्हा अंतराचा प्रश्नच नव्हता. वायरमनने कॅट ६ केबल ओढली, दोन्ही टोकांना आरजे४५ कनेक्टर क्रिम्प केले (पक्कडीने दाबून बसवले), टेस्टर लावून १ ते ८ दिवे क्रमाने लागलेले दाखवले. केबल मशिनांना लावली, पोर्टवरचे दिवे लागले, आणि लिंक, म्हणजे दोन कार्डांमधली जोडणी, आली १०० मेगाबिटवर. अधूनमधून केबल काढून लावली की क्षणभर १ गिगाबिट दिसायचं, मग लिंक तुटून पुन्हा १०० वर यायची.

वेग कुठे पाहायचा? रन खिडकीत एनसीपीए डॉट सीपीएल (टाइप करताना अर्थात रोमन लिपीत), मग इथरनेटवर डबल क्लिक, स्पीडची ओळ. केबल लावल्यावर, काही कॉपी करण्याआधी पाहायची ती हीच ओळ, आणि सगळे विसरतात तीही हीच. १०० मेगाबिटवरही फायली दिसतात, कॉपी होतात. त्यामुळे ‘चालतंय की’ म्हणून लोक पुढे जातात आणि दोष हार्ड डिस्कला देतात.

इथे कार्ड खराब की केबल, हे ठरवायला पाच मिनिटं पुरतात. नवं मशिन खाली आणून कंपनीतून क्रिम्प होऊन आलेल्या एक मीटरच्या पॅच केबलने दोन्ही जोडली. लगेच १ गिगाबिट, आणि स्थिर. म्हणजे दोष १८ मीटरच्या केबलमध्ये.

पण टेस्टर तर पास होता! कनेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग वाचले तेव्हा उलगडा झाला. दोन्ही टोकांना क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ‘दोन्हीकडे सेम रंग लावलेत’ हे वायरमनचं म्हणणं अगदी खरं. टेस्टरही एवढंच पाहतो, की इकडची ३ नंबरची तार तिकडे ३ वरच पोचते का. केबलमधल्या तारा मात्र जोडीजोडीने पिळलेल्या असतात आणि त्या पिळालाच सगळा अर्थ असतो. जोडीतल्या दोन तारांवरून एकच सिग्नल परस्परविरुद्ध ध्रुवांनी जातो. बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच बसतो आणि घेणाऱ्या टोकाला वजाबाकीत निघून जातो. इथरनेटमध्ये जोड्या ठरलेल्या आहेत: १-२, ३-६, ४-५, ७-८. वायरमनच्या क्रमात ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा आला. या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्याच नाहीत. ४-५ चीही तीच गत, हिरवा आणि पांढरा-निळा. दोन जोड्या फुटून एकमेकींत अडकल्या आणि एकीचं बोलणं दुसरीत ऐकू येऊ लागलं.

१०० मेगाबिटला फक्त १-२ आणि ३-६ लागतात. ४-५ वर शांतता असते, म्हणून ते निभावून गेलं. गिगाबिट चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलतं, त्यामुळे तिथे हा गोंगाट झेपत नाही. गंमत अशी की वेग ठरवण्याची बोलणी १-२ आणि ३-६ वरूनच होतात. दोन्ही कार्ड ‘आपण गिगाबिट’ असं ठरवतात, प्रत्यक्ष जुळवणीत अपयशी होतात आणि काही प्रयत्नांनंतर मुकाट्याने १०० वर उतरतात. क्षणभर दिसणारं १ गिगाबिट ते हेच. मीटरभर केबलवर अशी चूक खपूनही जाते, म्हणून ‘माझ्याकडे असंच लावलंय आणि चालतंय’ म्हणणारेही खोटं बोलत नसतात.

दोन्ही टोकं कापून टी५६८बी प्रमाणे पुन्हा क्रिम्प केली: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये, हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. करताना तीन गोष्टी पाहिल्या. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, मागच्या दाबपट्टीखाली यायला हवं, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. आठही तारांची तांब्याची टोकं समोरच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. ही घन तारेची केबल होती, म्हणून कनेक्टरही घन तारेचा घेतला. मऊ, अनेक पदरी तारेसाठीचा कनेक्टर घन तारेवर नीट चावत नाही आणि चार-सहा महिन्यांनी लिंक जाऊ-येऊ लागते.

तार खरंच तांब्याची आहे का, तेही ब्लेडने खरवडून पाहिलं. आतून पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. बाजारात स्वस्त कॅट ६ म्हणून सर्रास मिळते, दोन-चारदा वाकवली की क्रिम्पपाशी तुटते. इथे तांबं निघालं. शील्डवाल्या, धातूच्या टोकाच्या केबलचा आग्रह मात्र धरू नये. साध्या केबलमध्ये दोन्ही मशिन ट्रान्सफॉर्मरमुळे विजेच्या दृष्टीने वेगळी राहतात. शील्ड दोन्हीकडे जोडली की दोन मजल्यांची अर्थिंग एकमेकांना भिडतात, आणि एका बाजूची अर्थिंग कच्ची असेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात.

लिंक १ गिगाबिटवर स्थिरावली. आयपर्फ ३ या प्रोग्रामने दोन मशिनांमधला निव्वळ वेग मोजला तेव्हा ९४० मेगाबिट आला. गिगाबिटवर याहून फार जास्त येत नाही, तेव्हा केबलचा विषय इथे संपला.

पत्ते

नेटवर्कवर प्रत्येक मशिनला आकड्यांचा एक पत्ता (आयपी ॲड्रेस) लागतो. मध्ये राउटर नाही म्हणजे पत्ते वाटणारा कुणी नाही. विंडोज थोडा वेळ वाट पाहते आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. दोन्ही मशिनांनी तसा घेतला तर ती एकमेकांना सापडतातही. इथे वरच्या मशिनने घेतला, पण खालच्या मशिनच्या इथरनेटला कधीकाळी हाताने भरलेला १९२.१६८.१.५० तसाच पडून होता. एक या गल्लीत, दुसरा त्या गल्लीत.

शिवाय वायफायही १९२.१६८.१ याच मालिकेत. केबललाही तीच मालिका दिली असती तर एकाच मालिकेकडे जाणाऱ्या दोन वाटा झाल्या असत्या आणि पाकिटं (डेटाचे तुकडे) कुठून जातील याचा नेम राहिला नसता. म्हणून केबलसाठी वेगळी मालिका घेतली. खालचं मशिन १९२.१६८.५०.१, वरचं १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग मालिकेचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे जायचं दार) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सोय) कोरे. ‘रकाना रिकामा दिसतो’ म्हणून गेटवेत समोरच्या मशिनचा पत्ता भरण्याची चूक फार होते. मग विंडोज केबलला जास्त वेगाची वाट समजून इंटरनेटचं सगळं तिच्याकडे वळवते आणि ‘केबल लावली की नेट जातं’ ही तक्रार सुरू होते.

यानंतर पिंग केलं, म्हणजे समोरच्या मशिनला हाक मारली, उत्तर नाही. केबलवर संशय घेण्याआधी कमांड प्रॉम्प्टवर एआरपी हायफन ए दिलं, म्हणजे ओळख झालेल्या मशिनांची यादी मागवली. तिथे ५०.१ समोर खालच्या कार्डाचा भौतिक पत्ता आलेला होता. याचा अर्थ तार ठीक, पत्ते ठीक, मशिनांची ओळख झालेली, फक्त दार आतून बंद. पिंगला उत्तर न येणं हा केबल खराब असल्याचा पुरावा नव्हे. हे दार फायरवॉलचं, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याचं.

गेटवे नसलेल्या नेटवर्कला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड’ म्हणते आणि पब्लिक गटात टाकते. त्या गटात फाइल शेअरिंग आणि पिंग दोन्ही बंद. उपाय म्हणून फायरवॉलच बंद करून टाकणारे पुष्कळ आहेत. ते करू नये, कारण तीच मशिनं वायफायने बाहेरच्या जगालाही जोडलेली आहेत. प्रशासक म्हणून पॉवरशेल उघडून सेट-नेटकनेक्शनप्रोफाइल या आज्ञेने इथरनेटला प्रायव्हेट केलं आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू केलं. समोरचं मशिन बंद-चालू झाल्यावर ते पुन्हा पब्लिक होऊ नये म्हणून दोन्हीकडे सेकपॉल डॉट एमएससीमध्ये नेटवर्क लिस्ट मॅनेजर पॉलिसीज इथे अनआयडेंटिफाइड नेटवर्कचा प्रकार कायमचा प्रायव्हेट केला. ही सोय प्रो आवृत्तीत आहे, होममध्ये नाही.

दार उघडलं, पण आत घेईना

खालच्या मशिनवर डेटाचा फोल्डर ‘एव्हरीवन’ला शेअर केलेला होता, पासवर्डची सक्तीही बंद होती. विंडोज ७ च्या काळात एवढ्यावर भागायचं. २४एच२ वरून उघडायला गेल्यावर निरोप आला, की संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटलेला पाहुणा चालणार नाही. स्टुडिओत कसली संस्था आणि कसलं धोरण, असं कुणालाही वाटेल. बदल असा आहे, की २४एच२ च्या प्रो आवृत्तीत पाहुणा (गेस्ट, म्हणजे पासवर्डविना येणारा) म्हणून शिरणं मुळातच बंद आहे आणि प्रत्येक पाकिटावर डिजिटल सहीही सक्तीची आहे. पाहुण्याला सही करता येत नाही. नव्या मशिनवर ही दोन्ही बंधनं सैल करण्याच्या युक्त्या मिळतात, पण कायम चालायच्या जोडणीला तो मार्ग वाईट.

सरळ उपाय दहा मिनिटांचा आहे. पासवर्डची सक्ती परत चालू केली. खालच्या मशिनवर एक वेगळा लोकल युजर बनवला आणि त्याला पासवर्ड दिला. पासवर्ड कोरा ठेवला तर विंडोज तो युजर फक्त त्याच मशिनसमोर बसलेल्याला वापरू देते, नेटवर्कवरून नाही. पिनही इथे चालत नाही, तो ज्या मशिनचा त्या मशिनपुरता. मग या युजरला दोन जागी परवानगी दिली: शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटी टॅबमध्ये. दोन्हींपैकी जी कडक ती लागू होते. एकीकडे फुल आणि दुसरीकडे नावच नाही असं झालं तर फोल्डर दिसतो आणि उघडत नाही. जुन्या डेटाला फक्त वाचण्याची परवानगी दिली, जेणेकरून वरून चुकून काही खोडलं जाऊ नये. तयार अल्बमसाठी वेगळा फोल्डर लिहिण्याच्या परवानगीसह.

वरून लॉगिन करताना खालच्या मशिनचं नाव, उलटा स्लॅश आणि मग युजरचं नाव असं भरलं. नुसतं युजरचं नाव दिलं तर विंडोज तो युजर कधी कधी स्वतःकडेच शोधत बसते. आधी चुकलेला पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठलेला होता, तो पुसावा लागला. नाहीतर बरोबर पासवर्ड देऊनही नकारच येत राहतो.

फोल्डर उघडताना मशिनचं नाव न वापरता १९२.१६८.५०.१ हा पत्ताच वापरला आणि त्याचीच नेटवर्क ड्राइव्ह बनवली. नावाने गेलं तर वाट वायफायची निघेल की केबलची, याचा भरवसा नाही. कॉपी सुरू असताना टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये इथरनेटचा आलेख चढतोय की वायफायचा, हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावं.

१.६ टीबी वर नेताना

कॉपी रोबोकॉपी या विंडोजमधल्याच आज्ञेने केली, वरच्या मशिनवरून, म्हणजे ओढून घेऊन. एक्सप्लोररमध्ये ड्रॅग करण्याचा तोटा लाइट गेल्यावर कळतो. अर्धवट राहिलेली फाइलही आकाराने पूर्ण दिसू शकते आणि कुठपर्यंत झालं होतं ते सांगणारं काही उरत नाही. वरच्या मशिनला यूपीएस होता, खालच्याला नाही, तेव्हा ही भीती काल्पनिक नव्हती. रोबोकॉपी पुन्हा त्याच आज्ञेने चालवली की झालेल्या फायली सोडून देते आणि आकार किंवा वेळ न जुळणारी फाइल परत घेते.

स्विच (आज्ञेला जोडायचे पर्याय) मोजके दिले. उपफोल्डरांसाठी ई. आर:२ आणि डब्ल्यू:५ (दोनदाच पुन्हा प्रयत्न, मध्ये ५ सेकंद), कारण हे न दिल्यास एका अडलेल्या फाइलवर ती ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करत राहते आणि सकाळी येऊन पाहावं तर गाडी तिथेच. नोंदीसाठी साधा लॉग न घेता युनिलॉग घेतला. ‘हळद’, ‘साखरपुडा’, ‘वरात’ अशी मराठी नावं असलेले फोल्डर साध्या लॉगमध्ये नुसती प्रश्नचिन्हं होऊन येतात. फोटोंसाठी एमटी:८, म्हणजे आठ फायली एकदम. व्हिडिओंसाठी एमटी वगळून ‘जे’ हा स्विच, जो मोठ्या फायलींना बरा पडतो. फिरत्या हार्ड डिस्कवरून आठ मोठे व्हिडिओ एकदम वाचायला लावले की तिचा हेड नुसता धावत राहतो आणि वेग उलट घटतो. एमआयआर हा स्विच टाळला, कारण स्रोतात नसलेलं सगळं तो पोचण्याच्या जागेवरून पुसतो आणि आज्ञेत स्रोत आणि पोचण्याची जागा यांची अदलाबदल झाली तर रडायची वेळ येते. कॅटलॉगचे प्रिव्ह्यू आणि एडिटिंगची कॅश वगळली. लाखभर चिमुकल्या फायली, आणि त्या नव्या मशिनवर परत तयार होतातच.

व्हिडिओंना १०५ एमबीच्या वेगाने तीन तास, फोटोंना ६० च्या आसपास वेगाने सव्वादोन तास, असा हिशेब बसतो. सुरुवातीला ११० दिसणारा आकडा शेवटी नव्वदीच्या खाली येतो त्यात केबलचा काही दोष नाही. भरत आलेल्या हार्ड डिस्कच्या आतल्या कड्यांवर वाचण्याचा वेग बाहेरच्या कड्यांच्या जवळपास निम्म्यावर येतो. रात्रभरासाठी लावायचं तर दोन्ही मशिनांची स्लीप बंद करावी. कार्डाच्या प्रॉपर्टीजमधलं ग्रीन इथरनेट किंवा एनर्जी एफिशिएंट इथरनेटही बंद केलेलं बरं, काही कार्डांवर त्याने लिंक मधूनच पडते.

झाल्यावर तीच आज्ञा एल स्विच जोडून पुन्हा चालवली. एल लावला की ती काही कॉपी करत नाही, फक्त काय केलं असतं ते सांगते. कॉपीड, मिसमॅच आणि फेल्ड या तिन्ही रकान्यांत शून्य आलं. ही तपासणी आकार आणि वेळेपुरती असते, म्हणून सर्टयुटिल या आज्ञेने दहा-बारा मोठ्या व्हिडिओंचे हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे) दोन्हीकडे काढून जुळवले.

रोजच्या कामात फुटेज दरवेळी वर आणायचीही गरज पडत नाही. कॅमेऱ्यातून आलेलं १०० मेगाबिटचं ४के फुटेज सेकंदाला साडेबारा एमबी मागतं. एडिटिंगमध्ये व्हिडिओच्या दोन-तीन पट्ट्या (ट्रॅक) एकावर एक असल्या तरी केबल वाहून नेते, अडलंच तर जुनी हार्ड डिस्क अडते. प्रोजेक्ट फाइल आणि कॅश मात्र वरच्याच एसएसडीवर.

सीझनमध्ये अल्बम डिझायनरचा लॅपटॉप येईल तेव्हा वरच्या खोलीत पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारा डबा) लावायचा, १८ मीटरची केबल त्यात, नवं मशिन त्यात आणि लॅपटॉप त्यात, लॅपटॉपला पत्ता १९२.१६८.५०.३. बाकी काही हलवायचं नाही. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट ॲडॉप्टर घ्यायचा. यूएसबी २ चा घेतला तर ३५-४० एमबीच्या वर जात नाही, आणि मग पुन्हा सगळे केबलकडे बोट दाखवतात.